दंडित देह आणि सांभाळाचे कलम : रांझ्याच्या कागदाचे एक वाचन

१

शिवाजीमहाराजांची मुद्रा असलेल्या सर्वांत जुन्या पत्रांत २८ जानेवारी १६४६ या तारखेच्या एका पत्राची गणना होते. आजच्या भोर तालुक्यातील रांझे या गावाच्या मुकादमीसंबंधीचा हा कागद आहे. गावचा मुकादम बाबाजी भिकाजी गुजर याच्या हातून काही 'बदअमल' घडला. ती हकीकत हुजुरास कळल्यावर त्याला आणून चौकशी करण्यात आली. आरोप खरा ठरला. त्याचे हातपाय तोडण्यात आले आणि मुकादमी अमानत, म्हणजे सरकारजमा, करण्यात आली. महाराजांच्या वयाची सोळा वर्षेही तेव्हा पूर्ण झालेली नव्हती. स्वराज्याच्या न्यायदृष्टीचा आरंभबिंदू म्हणून हा कागद मराठी वाचकाच्या परिचयाचा आहे, आणि त्याचे हे स्थान योग्यच आहे. वतनदाराच्या अंगाला राजसत्तेने हात लावणे ही सतराव्या शतकाच्या मध्यावर सामान्य गोष्ट नव्हती. वतनाच्या आडोशाने गावावर चालणाऱ्या मनमानीला आव्हान देणारा हा निर्णय होता, हे कोणत्याही वाचनात विसरता येणार नाही.

परंतु या कागदाचा एक उत्तरार्ध आहे. शिक्षा अमलात आल्यानंतर सोनजी गुजर हा बाबाजीचा भाऊबंद हुजुरात येतो आणि हातपाय गेलेल्या बाबाजीला आपल्या हवाली करावे, त्याचा सांभाळ आपण करू, असे सांगतो. तो गोतातला आहे हे ध्यानात घेऊन, दिवाणात रक्कम भरून घेऊन, रांझ्याची मुकादमी त्याच्याकडे सोपवली जाते. पत्राचे प्रशासकीय प्रयोजन वस्तुतः हेच आहे. शिक्षेची हकीकत ही पूर्वपीठिका आहे. मुकादमी सोनजीकडे का आणि कोणत्या परिस्थितीत गेली, हे नोंदवण्यासाठी कागद झाला आहे.

व्याख्याने, पोवाडे, कादंबऱ्या आणि चित्रपट यांतून 'रांझ्याचा पाटील' या नावाने जी कथा रूढ झाली, तिच्यात मात्र हा उत्तरार्ध बहुधा येत नाही. हातपाय तुटतात तेथे ती कथा संपते. कागद जेथून पुढे चालू राहतो तेथे कथा थांबते, आणि या अंतरातच अपंगत्वाच्या इतिहासलेखनाचा एक मूलभूत प्रश्न दडलेला आहे. अवयव गेल्यानंतर जगत राहिलेल्या माणसाला आपल्या वाङ्मयाने आणि इतिहासाने कोणती जागा दिली, हा तो प्रश्न होय.

२

कथेने कागदातून जसे काही वगळले, तसे त्यात काही घातलेही. पत्रात 'बदअमल' एवढाच शब्द आहे. लोकस्मृतीने आणि तिच्यावर उभ्या राहिलेल्या ललित लेखनाने त्याचा अर्थ स्त्रीवरील अत्याचार असा निश्चित केला. हा अर्थ असंभाव्य मुळीच नाही. मुकादमाच्या अधिकारात असलेल्या गावातील स्त्रीची असहायता सर्वज्ञात होती. पण या अर्थनिश्चितीचा परिणाम विचारात घेण्याजोगा आहे. कागदात जिचा निर्देश नाही ती स्त्री कथेत येते, तीही निनावी. तिचे दुःख शिक्षेला कारण पुरवण्यापुरतेच असते. शिक्षेनंतर तिचे काय झाले, गावाने तिला कसे वागवले, हे कथा विचारीत नाही. म्हणजे या कथनात दोन माणसे एकाच वेळी नाहीशी होतात : जिच्यावर अन्याय झाला ती आणि ज्याला शिक्षा झाली तो. उरते ती केवळ न्यायाची प्रतिमा. दोघांच्या नाहीसे होण्याची नैतिक तुलना करता येणार नाही. पीडित आणि अपराधी यांना एका पारड्यात घालणे हा दुसरा अन्याय ठरेल. परंतु दोघांचे नाहीसे होणे एकाच कथनपद्धतीतून घडते, ही बाब समीक्षेने नोंदवली पाहिजे.

मराठीत या शिक्षेला 'चौरंग करणे' असा शब्दप्रयोग आहे. चौरंग ही पूजेची चौकोनी बैठक. हातपाय नसलेल्या धडाला तिचे नाव मिळावे, यातच माणसाचे वस्तूत रूपांतर करणारी दृष्टी आहे. आज एखाद्या अत्याचाराची बातमी आली की गुन्हेगाराचा चौरंग करावा अशी मागणी सभांतून आणि वृत्तपत्रांतून होते. संतापाचे कारण खरे असते. मात्र त्या संतापाच्या भाषेत अपंग देह हाच अपराधाचा जाहीर शिक्का ठरतो. ज्या समाजात जन्मतः किंवा अपघाताने हातपाय नसलेली हजारो माणसे राहतात, त्या समाजात हा शिक्का कोणाच्या अंगावर उमटतो, हे वेगळे सांगायला नको. 'मागच्या जन्मीचे पाप' या समजुतीला ही कथा नकळत पुष्टी देते : तेथे शिक्षा देणारे दैव असते, येथे राजा असतो, देहाचा अर्थ मात्र तोच राहतो.

'चौरंग' या शब्दाला मराठी वाङ्मयाच्या आरंभकाळातच एक दुसरा संदर्भ आहे. शके १२१२ (इ. स. १२९०) मध्ये पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीच्या शेवटी नाथपरंपरा सांगताना ज्ञानदेव चौरंगीनाथांचा उल्लेख करतात. अवयव भंगलेला चौरंगी सप्तशृंगावर मत्स्येंद्रनाथांना भेटतो आणि त्या भेटीने सर्वांगांनी पूर्ण होतो. गुरुकृपेचा महिमा सांगणारा हा प्रसंग आहे. रांझ्याच्या कथेशी त्याची तुलना करता दोन टोके स्पष्ट होतात. एका टोकाला देह पूर्ण असतो आणि शिक्षेने भंगतो. दुसऱ्या टोकाला तो भंगलेला असतो आणि कृपेने पूर्ण होतो. भंगणे आणि पूर्ण होणे या दोन घटनांना कथा आहे. भंगलेल्या अवस्थेत खाणे, पिणे, उठणे, बसणे, भांडणे, म्हातारे होणे, या दीर्घ काळाला कथा नाही.

एकनाथांच्या भारुडांत आंधळा, पांगुळ, मुका, बहिरा ही पात्रे स्वतः बोलतात, ही मोठीच गोष्ट आहे. परंतु त्यांचे बोलणे आध्यात्मिक उणिवेचे रूपक म्हणून योजलेले आहे : परमार्थाकडे पाठ फिरवणारा तो आंधळा, सत्संगाकडे न जाणारा तो पांगळा. भिक्षेकऱ्याचा आवाज घेतला जातो; त्याची भूक मात्र दृष्टांतात विरून जाते. नाथांची करुणा येथे वादाचा विषय नाही. रूपकाचा स्वभावच असा असतो, की ज्या वस्तूवरून ते उभे राहते तिच्याकडे त्याला पाठ फिरवावी लागते. अमेरिकन समीक्षक डेव्हिड मिचेल आणि शॅरन स्नायडर यांनी २००० मध्ये मांडलेली, 'कथनाची कुबडी' असे जिचे मराठीकरण करता येईल, ती संकल्पना येथे उपयोगी पडते. कथेला पुढे सरकण्यासाठी अपंग देहाचा आधार लागतो. काम झाले की कथा ती कुबडी टाकून देते, असे त्यांचे सूत्र आहे. रांझ्याची लोकप्रिय कथा हे त्याचे नेमके मराठी उदाहरण ठरते.

३

भोर आणि वेल्हे या भागात हा प्रश्न एका कागदापुरता राहत नाही. राजगड आणि तोरणा ज्या वेल्हे तालुक्यात आहेत (२०२४ मध्ये त्याचे नाव 'राजगड' करण्याचा निर्णय झाला), तो जुन्या गुंजण मावळाचा मुलूख. भोरच्या परिसरात हिरडस मावळ आणि रोहिड खोरे. येथील देशमुखी घराण्यांचे कागद हे शिवकालाच्या इतिहासाचे एक प्रमुख साधन आहे. भोर संस्थानातील कारी या गावच्या जेधे घराण्याकडून मिळालेली शकावली १९१६ मध्ये प्रसिद्ध झाली आणि शिवचरित्राच्या कालनिर्णयाला नवे वळण मिळाले, हे अभ्यासकांना ठाऊकच आहे.

याच घराण्यांच्या आठवणींत उत्रौलीच्या खंडोजी खोपड्याची हकीकत येते. १६५९ च्या अफजलखान-प्रसंगी कान्होजी जेध्यांनी वतनावर पाणी सोडून महाराजांची बाजू घेतली. खंडोजी खानाला मिळाला. खानाच्या पाडावानंतर तो लपून राहिला आणि गुंजण मावळच्या शिळिमकरांच्या व कान्होजींच्या मध्यस्थीने त्याने अभय मागितले. महाराजांनी शब्द दिला. पुढे खंडोजी समोर आला तेव्हा त्याचा जीव राखून उजवा हात आणि डावा पाय तोडण्यात आला. दिलेला शब्द अक्षरशः पाळला गेला आणि फितुरीची शिक्षाही झाली, असा या प्रसंगाचा अर्थ परंपरेने लावला आहे. रांझ्याप्रमाणे येथेही देह हा मजकूर लिहिण्याचा पृष्ठभाग ठरतो. मिशेल फूकोने १९७५ मध्ये 'शिस्त आणि शिक्षा' या ग्रंथात आधुनिकपूर्व युरोपातील दंडाविषयी जे म्हटले, त्याच्याशी हे मिळतेजुळते आहे : सत्ता आपला अर्थ दंडिताच्या देहावर उघडपणे लिहिते, म्हणजे पाहणाऱ्यांना तो वाचता येतो. फूको ज्या प्रसंगाने आरंभ करतो तो पॅरिसमधील देहदंड १७५७ चा, म्हणजे रांझ्याच्या शतकभरानंतरचा आहे. हातपाय तोडणे ही मराठी मुलखाची किंवा महाराजांची खास क्रूरता होती असे म्हणणे म्हणूनच अनैतिहासिक ठरेल. तितकेच अनैतिहासिक आहे त्या शिक्षेला काळाच्या चौकटीतून उचलून आजच्या न्यायाचा आदर्श बनवणे.

अफजलखान-प्रसंगालाच या चित्राची दुसरी बाजू आहे. कृष्णाजी अनंत सभासदाने सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीत लिहिलेल्या बखरीत या लढाईनंतरच्या बक्षिसांची आणि नेमणुकांची नोंद आहे. मेलेल्यांच्या मुलांना चाकरीत घेतले, मूल नसलेल्या विधवांना निम्मे वेतन चालवले आणि जखमींना जखम पाहून दोनशे, शंभर, पन्नास, पंचवीस होन दिले, असे ती सांगते. युद्धात गमावलेल्या अवयवाचे मोल राज्याने करावे आणि ते दयेने नव्हे तर चाकरीचा मोबदला म्हणून द्यावे, ही कल्पना येथे आहे. मराठीत नंतर जे अपंगविषयक लेखन झाले त्यात या नोंदीची आठवण क्वचितच आढळते. तोडलेल्या हातपायांची मात्र नेहमी असते.

एकाच प्रसंगातून, एकाच मुलखातून, दोन देह निघतात : लढाईत लंगडा झालेला मावळा आणि शिक्षेने लंगडा झालेला देशमुख. दोघांना एकाच वाटेने चालायचे होते, एकाच घाटाने चढायचे होते. त्यांच्या अपंगत्वात शारीर फरक नाही. फरक आहे तो त्यांना लावलेल्या अर्थात. अपंगत्व हे केवळ शरीरात नसून समाजाने त्या शरीराभोवती रचलेल्या व्यवस्थेत असते, हा १९७० च्या दशकापासून ब्रिटनमधील अपंग कार्यकर्त्यांनी पुढे आणलेला आणि नंतर मायकेल ऑलिव्हर यांनी 'सामाजिक प्रतिमान' म्हणून मांडलेला विचार समजून घेण्यासाठी मावळातील हे दोन लंगडे पुरेसे आहेत.

४

आता पुन्हा सोनजी गुजराकडे वळले पाहिजे. त्याच्या अर्जात भूतदया किती आणि मुकादमीचा लोभ किती, हे ठरवण्याचा मार्ग नाही. कदाचित दोन्ही असतील. पण मुकादमी एकाकडे आणि तिच्या जुन्या धारकाचा सांभाळ त्याच्याच अंगावर, ही रचना योगायोगाची वाटत नाही. तिच्यामागे एक जुनी विधिपरंपरा दिसते.

मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात जन्मांध, बहिरे, वेडे, जड, मुके आणि इंद्रियहीन यांना 'अनंश', म्हणजे वारशात वाटा नसलेले, ठरवले आहे. परंतु लगेच पुढे त्यांना अन्नवस्त्र देण्याचे बंधन वाटेकऱ्यांवर घातले आहे आणि ते न देणारा पतित होतो असे बजावले आहे. याज्ञवल्क्यस्मृतीतही हाच नियम आहे आणि कल्याणीच्या दरबारात विज्ञानेश्वराने तिच्यावर लिहिलेल्या मिताक्षरेतून तो महाराष्ट्राच्या व्यवहारात आला. बाबाजीचा अधिकार गेला तो अपराधामुळे, अपंगत्वामुळे नव्हे. तेव्हा रांझ्याचा निवाडा या नियमाची थेट अंमलबजावणी आहे असे म्हणता येणार नाही. तरीही मालमत्ता गोताकडे आणि पोट गोताच्या हवाली, ही विभागणी दोन्हीकडे सारखी आहे. अपंग माणूस उपाशी मरू नये, पण तो कर्ताही असू नये, असे या व्यवस्थेचे सार सांगता येईल.

ही व्यवस्था किती दीर्घायुषी होती ते कायद्याच्या इतिहासावरून दिसते. वारशातील ही अपात्रता बव्हंशी दूर करणारा कायदा १९२८ मध्ये झाला. आणि रोग, व्यंग किंवा विद्रूपता यांमुळे कोणीही वारसाहक्काला मुकणार नाही, हे निःसंदिग्ध शब्दांत १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाने, त्याच्या २८ व्या कलमाने, सांगितले. भोर संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले. म्हणजे पंतसचिवांच्या गादीचा अस्त झाल्यानंतरच या मुलखातील आंधळ्या किंवा मुक्या मुलाचा बापाच्या जमिनीवरचा हक्क कायद्याने संपूर्णतः निर्विवाद झाला. अपंगांच्या हक्कांचा इतिहास १९९५ च्या अधिनियमापासून सुरू करण्याची जी प्रथा पडली आहे, ती या दृष्टीने अपुरी आहे. हक्क येण्यापूर्वीची जागा रिकामी नव्हती. तेथे सांभाळ होता. त्या सांभाळात आधार होता आणि परावलंबनही होते. या दोहोंची सांगड कशी घातली गेली, याचा शोध घेतल्याशिवाय हक्कांच्या भाषेने नेमके काय बदलले हे कळणार नाही.

५

गेल्या काही दशकांत भाषा झपाट्याने बदलली. 'थोटा', 'पांगळा', 'लुळा' हे शब्द सरकारी मराठीतून गेले आणि 'अपंग' आला. काहींना 'विकलांग' अधिक सभ्य वाटला. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांच्या आकाशवाणीवरील भाषणानंतर 'दिव्यांग' रूढ झाला आणि महाराष्ट्र शासनाचा २०२२ मध्ये स्थापन झालेला स्वतंत्र विभागही त्याच नावाने ओळखला जातो. अनेक अपंग लेखकांनी आणि कार्यकर्त्यांनी या शब्दावर आक्षेप घेतला आहे. रांझे आणि सप्तशृंग यांच्या संदर्भात तो आक्षेप अधिक स्पष्ट होतो. एका टोकाला शापित देह, दुसऱ्या टोकाला दिव्य देह. मधले साधे माणूसपण पुन्हा निसटते. शिव्या गेल्या ही चांगलीच गोष्ट झाली, पण त्यांच्या जागी आलेला गौरव हाही एक प्रकारचा चौरंग आहे, त्यावर माणसाला बसवता येते, तेथून उतरू मात्र दिले जात नाही.

कायद्याची भाषा या दोन्ही टोकांपासून दूर आहे. १९९५ च्या अधिनियमाने अपंगत्वाचे सात प्रकार मानले होते; २०१६ च्या अधिनियमाने ते एकवीस केले आणि समानता, प्रतिष्ठा व समाजात राहण्याचा हक्क यांची भाषा आणली. तरी लाभांसाठी चाळीस टक्क्यांची मर्यादा दोन्ही अधिनियमांत आहे. 'जखम पाहून' होन ठरवणारा सतराव्या शतकातील कारकून आणि टक्केवारी ठरवणारे आजचे वैद्यकीय मंडळ यांच्यातील अंतर मोठे असले, तरी देहाचे मोजमाप हाच हक्काचा दरवाजा राहिला आहे. डोंगरकपारीतील वाडीवरून तालुक्याच्या गावी आणि तेथून पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी येऊ शकणाऱ्यालाच आपण चालू शकत नाही हे सिद्ध करता येते, हा विरोधाभास मावळच्या भूगोलात विशेष जाणवतो.

वाङ्मयात खरा पालट झाला तो कथनाचे केंद्र बदलले तेव्हा. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांच्या 'चाकाची खुर्ची' या आत्मकथनात अपंगत्व हा कथेचा शेवट नाही. तेथून कथा सुरू होते. उपचार, घरातील माणसे, नोकरी, संस्था, पैसा, शौचालयाचा दरवाजा हे सारे तपशील तेथे रूपक न होता तपशील म्हणूनच येतात. दलित आत्मकथनांनी मराठी समीक्षेला अनुभवाच्या प्रामाण्याचा प्रश्न विचारायला लावला. त्या तोडीची दखल अपंगांच्या आत्मकथनांची समीक्षेने घेतलेली नाही. 'जिद्द', 'प्रेरणा', 'मात' या शब्दांतच बहुतेक परीक्षणे संपतात. प्रेरणा देणे ही वाचकाची गरज आहे. लेखकाची ती असेलच असे नाही.

अशा लेखनाच्या प्रकाशात रांझ्याचा कागद पुन्हा वाचला, तर त्यातील शिक्षेचे वाक्य अधिक सौम्य होत नाही आणि बाबाजी गुजराचा अपराधही हलका होत नाही. त्याच्याविषयी सहानुभूती बाळगण्याची अट हे वाचन घालीत नाही. बदलते ती एवढीच गोष्ट, की वाचक त्या वाक्यापाशी थांबत नाही. हातपाय गेलेल्या माणसाला कोणी तरी घरी नेले, कोणी तरी भरवले, कोणी तरी उचलून उन्हात बसवले. आणि हे काम बहुधा सोनजीने नव्हे, तर त्याच्या घरातील बायकांनी केले असणार. त्यांची नावे कागदात नाहीत, जशी ज्या स्त्रीमुळे शिक्षा झाली असे कथा सांगते तिचेही नाव नाही. साडेतीनशे वर्षांहून अधिक काळ जतन झालेल्या एका राजपत्राच्या कडेला या दोन घरांतील बायका उभ्या आहेत. अपंगत्वाचा इतिहास आणि सामाजिक न्यायाचा इतिहास हे वेगवेगळे विषय मानले, तर त्यांच्यापैकी एकीचाही शोध लागणार नाही. मावळातील दप्तरांत वतनांच्या वादांचे असे असंख्य कागद आहेत. त्यांत सांभाळाची कलमे कोठे कोठे आहेत, ती कोणी मागितली, कोणी मोडली आणि त्यांवरून पुढे कोण दिवाणात गेले, हे पाहण्याचे काम अजून बव्हंशी व्हायचेच आहे.